तोंडात पाणी धरून केलेला अभ्यास

पडदा वर जातो तेव्हा अमडापुरातल्या एका वस्तीवर सकाळचं कोवळं ऊन पसरलेलं असतं. डाव्या अंगाला विहाराची निळी कमान, उजव्या अंगाला टिनाचं घर. घरापुढे शेणानं सारवलेला ओटा, ओट्यावर बाज. बाजेवर एक पांढऱ्या सदऱ्यातले म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसलेले. त्यांच्या पायाशी, भिंतीला टेकून, मांडीवर जाडजूड पुस्तक घेतलेली तिशी ओलांडलेली एक बाई. तिचे दोन्ही गाल टम्म फुगलेले. ती हलत नाही, बोलत नाही. फक्त डोळे ओळीवरून ओळीवर उतरत जातात.

आणि प्रवेश होतो शेजारच्या अन्नपूर्णाबाईंचा. कमरेवर रिकामं टोपलं, डोक्यावर पदर.

"काय वं रेणुका, पिठाची चायनी दे बरं तुह्या घरची. माह्यी फाटली."

रेणुकानं पान उलटलं.

"ऐकू नाही येत काय? दाढ दुखून राह्यली?"

रेणुकानं मान हलवली. नाही.

"मंग? अश्वजितसंगं भांडन झालं?"

पुन्हा मान हलली. डोळे मात्र पुस्तकावरच.

बाजेवरून जानराव डोळे न उघडताच बोलले, "अन्नपूर्णा, तिच्या तोंडात पानी हाय."

"तं थुकून दे म्हना!"

"थुकाचं नाही अन् गियाचंबी नाही. अभ्यास चालू हाय तिचा."

अन्नपूर्णाबाईंनी टोपलं खाली ठेवलं, गालावर हात ठेवला. "मायबाई! आमच्या वक्ताले लेकरं अभ्यास डोक्यात ठेवत. आता तोंडात ठेवून राह्यले काय?"

झालं. रेणुकाच्या नाकातोंडातून पाण्याचा फवारा उडाला आणि भारतीय करार कायद्याचं एक अख्खं पान भिजलं. ती हसता हसता खोकत होती, अन्नपूर्णाबाई तिच्या पाठीवर थापट्या मारत होत्या.

"पुन्हा पयल्यापासून," जानराव म्हणाले.

आणि रेणुकाचं हसू जसं आलं तसं मावळलं. तिनं लोटीतलं पाणी पुन्हा तोंडात घेतलं. कारण हा पोरखेळ नव्हता. पुढच्या मे महिन्यात परीक्षा होती.

रेणुका ही जानरावांची सून. माहेर देऊळगाव राजाचं, बी.ए. तिथंच झालेली. नवरा अश्वजित अमडापूर ते चिखली ऑटो चालवतो. लेक मंजुश्री हिवरा आश्रमाला वसतिगृहात शिकते. एवढंसं घर. आणि त्या घरात एक भीती राहायला आलेली, ती काही केल्या जागा सोडत नव्हती.

वकिलीच्या कॉलेजात जायचं तर आधी सीईटी द्यावी लागते. रेणुकानं ती दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातानं घरी आली होती. ही तिसरी खेप. यानंतर नाही, असं तिनंच ठरवलं होतं. मार्कही जेमतेम पडून चालणार नव्हते. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात जागा मिळाली तर सकाळच्या एस.टी.नं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. दूरच्या शहरात जाऊन राहणं तिला जमणारं नव्हतं. काचबिंदूनं जानरावांची नजर गिळली होती. चुलीपासून दारापर्यंत त्यांना हात धरून न्यावं लागे, आणि तो हात रेणुकाचा असे. म्हणजे जागा तिथलीच हवी. नाहीतर काळा कोट या जन्मात नाही.

पण चांगल्या सुखात असलेल्या बाईला काळा कोट हवा कशाला? गावानं हे विचारून घेतलं होतं. रेणुका कोणालाच नीट सांगत नसे. ज्यांना ठाऊक होतं ते विचारत नसत.

त्याचं असं झालं. काही वर्षांपूर्वी, भर दुपारी, ती फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी होती. अन्नपूर्णाबाईंचे यजमान भागवत सायकलवरून बाजाराला निघाले होते. हात करून त्यांनी रेणुकाला "येतं काय बाजाराले, कॅरेजवर बस," अशी थट्टाही केली. तेवढ्यात एक जीप आली आणि त्यांना उडवून गेली. भागवत जगले, उजवा पाय गुडघ्यापासून गेला. सगळं डोळ्यांनी बघणारी एकटी रेणुका.

कोर्टात तिची साक्ष निघाली. पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा तिला सगळं लख्ख आठवत होतं. जीपचा रंग, सायकलच्या हँडलला अडकवलेली पिशवी, रस्त्यावर घरंगळत गेलेले कांदे. समोरच्या पक्षाचा वकील उठला. उंच माणूस, आवाज घोगरा. त्यानं अगदी साधा प्रश्न विचारला, "बाई, जीप कोणत्या बाजूनं आली?"

रेणुकानं तोंड उघडलं.

ज्यांनी कधी तोंडाला रंग लावून दिव्यांच्या झोतात पाय टाकला आहे, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. नाटक पाठ असतं, उलटंसुलटं पाठ असतं, आणि एका वाक्यापाशी पायाखालची फळी सरकते. समोर माणसं बसलेली दिसतात, त्यांचे चेहरे दिसतात, आणि आपल्या गळ्यात जिथं आवाज असायचा तिथं नुसती पोकळी असते. चांगल्या चांगल्या नटांवर ही वेळ आलेली आहे. पण नटाला सांभाळून घ्यायला समोर दुसरा नट असतो, विंगेत कोणीतरी असतं. पिंजऱ्यात कोण असणार?

वकिलानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी कठड्यावर हात आपटून. रेणुकाचे ओठ हलले, आवाज आला नाही. "साहेब, या बाईंनी अपघात बघितलेलाच नाही," असं म्हणून तो खाली बसला. पुढे जीपवाला सुटला.

परतीच्या एस.टी.त अन्नपूर्णाबाईंनी पदराखालचं फडकं सोडलं, अर्धी भाकर आणि ठेचा रेणुकाच्या हातावर ठेवला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर रेणुकाला ती भाकर गिळता तरी आली असती. भागवतांनी तर थट्टाच केली. कुबडी भिंतीला टेकवत म्हणाले, "माह्यी एक टांग गेली, तुह्यी जीभ गेली. दोघं मिळून एक पुरा मानूस होतो आपन. काऊन रडतं?"

त्या दिवशी तिच्या मनात बसलं ते बसलं. त्या खोलीत आपण पुन्हा जायचं. पण पिंजऱ्यात उभं राहायला नाही. जिथून प्रश्न विचारतात तिथं उभं राहायला. आणि पिंजऱ्यातल्या माणसाशी हळू आवाजात बोलायचं.

गंमत अशी की, या बाईला आवाज नव्हता असं नाही. आवाज होता, आणि कसा! आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, ते थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया पुढे बसतात, पुरुष मागे भिंतीला. वाचायला रेणुका. ती पानावर नजर ठेवून वाचू लागली की आवाज कमानीबाहेर जाई, रस्त्यानं गुरं घेऊन जाणारा ढोरकी थबकून ऐके. पुस्तक पुढे असलं की तिला भीती वाटत नसे. पुस्तकामागे ती लपून बसे आणि फक्त आवाज बाहेर पाठवी.

म्हणून सीईटीचा अभ्यासही तिनं तसाच केला. मोठ्यानं. भाकरी थापताना, धुणं धुताना, ओट्यावर बसून, खणखणीत आवाजात. तिच्या डोक्यात काही शिरायचं तर कानावाटेच शिरायचं. पहिल्या वर्षी तर सगळी वस्तीच कायदा शिकली. अन्नपूर्णाबाईंची वाळत घातलेली साडी बकरीनं खाल्ली तेव्हा त्या काठी घेऊन ओरडत धावल्या, "ह्या रांडेनं दखलपात्र गुन्हा केला वं माय!"

आणि ही अशी तयारी करून रेणुका परीक्षेला गेली.

थंडगार हॉल. संगणकांच्या रांगा. इतकी शांतता की पंख्याचाही आवाज नाही. पडद्यावर पहिला प्रश्न आला आणि तिनं सवयीनं तो वाचला. ओठांतल्या ओठांत वाचतोय असं तिला वाटत होतं. शेजारच्या मुलानं मान वळवली. मागून पर्यवेक्षक आले, कठड्यावर नव्हे, पण खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवून म्हणाले, "मॅडम, आवाज नको. पुन्हा झालं तर उठवावं लागेल."

बस. तोच घोगरेपणा तिला ऐकू आला. पुढच्या प्रश्नांची अक्षरं वारूळ फुटल्यासारखी इकडेतिकडे पळू लागली. वेळ संपली तेव्हा अर्धे प्रश्न तिनं उघडलेच नव्हते.

दुसऱ्या वर्षी ती ठरवून गेली की ओठ उघडायचेच नाहीत. दातांनी ओठ धरून ठेवला. आवाज झाला नाही, पण वाचलेलंही काही समजलं नाही. एक वाक्य तीनदा वाचावं आणि शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरावी. ओठावर रक्ताचा थेंब आला तेवढंच. पहिल्यापेक्षा कमी मार्क पडले.

निकालाच्या दिवशी ती पुस्तकं ज्वारीच्या कोठीत टाकून आली. अश्वजित म्हणाला, "राहू दे ना रेणू. कायले जीव जाळून राह्यली? लोकं काय वकील नसल्यानं मरून राह्यले?" त्याच्या बोलण्यात माया होती. म्हणूनच ते जास्त लागलं.

जानराव बाजेवरून म्हणाले, "अश्वजित, कोठीतून पुस्तकं काहाड. उंदरं शिकून जातील."

मग त्यांनी सुनेला जवळ बसवलं.

आता जानराव कोण? आज त्यांना बघणाऱ्याला वाटणार नाही, पण एके काळी हा माणूस एका कलापथकात होता. त्या काळी खामगाव, मेहकर, लोणार, कुठं कुठं मैदान भरे. बैलगाड्या सोडून लोक घोंगड्या अंथरून बसत, गॅसबत्त्यांभोवती पाखरं फिरत, पडद्यावर महाल रंगवलेला आणि महालाच्या खांबाला ठिगळ. राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा, पण राजा बोलू लागला की पुठ्ठा सोन्याचा होई. त्या साऱ्या झगमगाटात जानराव कधी कोणाला दिसले नाहीत. ते विंगेत बसत. मांडीवर नाटकाची वही, बाजूला कंदील. ते प्रॉम्प्टर होते. नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानापर्यंत सोडायचा, पण पहिल्या रांगेलासुद्धा कळता कामा नये.

"पयल्या सालची गोष्ट," ते म्हणाले. "मले बी तुह्यासारखीच सवय. नट बोलून राह्यला की मीबी वहीत पाहून त्याच्यासंगं बोलू लागो. लोकायले दोन आवाज ऐकू येत. एक गडी मैदानातून उठून वरडला, 'दोन राजे झाले बे! कोन्त्याले मुजरा करावं?' पब्लिक हसून हसून लोयलं. मॅनेजरनं मले काही म्हनलं नाही. दुसऱ्या दिशी तालमीत माह्या तोंडात पानी भरलं. म्हने, अंक संपेपर्यंत थुकाचं नाही, गियाचं नाही, अन् वही सोडाची नाही. पोरी, तुह्या भेवाचं औषध माह्यापाशी नाही. पन ओठाचं हाय."

अशी सुरुवात झाली.

पहिल्यांदा एक परिच्छेदही निभेना. ठसका लागे, उचकी लागे, छाती भिजे. ओठ पुटपुटायला गेले की पाणी हनुवटीवरून ओघळे. जानरावांना दिसत नव्हतं पण ऐकू सगळं येई. घशात पाणी गुळूक वाजलं की "गियलं," असा शेरा येई. एस.टी.तून उतरणारे लोक थांबून बघत. कोणी म्हणे, बाईनं मौन धरलंय. कोणी म्हणे, दातांच्या डॉक्टरचा इलाज आहे. अश्वजितचे ऑटोवाले मित्र त्याला विचारत, "काय बे, वहिनीनं बोलनं बंद केलं म्हनते? कोन्ता मंतर हाय, आमालेबी सांग!"

हळूहळू ओठ थांबले. पण ओठ थांबल्यावर जे झालं त्यानं रेणुकाला खरी धडकी भरली.

एका सकाळी ती तर्काचे प्रश्न वाचत होती. तोंडात घोट, ओठ घट्ट. आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं की आत कोणीतरी वाचतंय. तो तिचा आवाज नव्हता. घोगरा होता. 'क हा ख चा भाऊ असेल तर', असं तो वाचत होता, आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी जणू कठड्यावर हात आपटत होता. तिनं पुस्तक लोटून दिलं, पाणी ओट्याखाली टाकलं आणि गुडघ्यांत डोकं घालून बसली. इतकी वर्षं तो माणूस कोर्टात राहिला असं ती समजत होती. तो तर तिच्या आतच खुर्ची टाकून बसला होता. ती मोठ्यानं वाचत होती तोवर तिला तो ऐकू आला नव्हता, एवढंच.

"आबा, मले नाही जमत," ती म्हणाली. "आत तोच वाचून राह्यला."

कोण, हे जानरावांना सांगावं लागलं नाही.

"काय इचारते तो?"

"जीप कोन्त्या बाजूनं आली, इचारते."

"अन् तू काय सांगतं?"

सकाळच्या उन्हात कमानीवरचा झेंडा फडफडत होता, तो रेणुका बघत बसली.

जानरावांनी तिच्या डोक्यावर अंदाजानं हात ठेवला. "बरं. नोको सांगू. पन एक ध्यानात ठेव. मी विंगेत बसून खुन्याचं वाचलं, राजाचं वाचलं, सासूचं वाचलं. आवाज कोनाचाबी असो, वही माह्या मांडीवर होती. पान मी पलटवल्याबिगर राजाच्या बापाले पुढं बोलता येत नव्हतं. तो वाचते ना? वाचू दे. फुकटचा वकील भेटला. त्याच्याकूनच अभ्यास करून घे, दमव त्याले."

तिला हसू आलं नाही. पण लोटी पुढे ओढून तिनं घोट घेतला.

त्यानंतर ती रोज त्या घोगऱ्या आवाजाला कामाला लावू लागली. इंग्रजीचे उतारे त्याच्याकडून वाचून घेई, राज्यघटनेतली कलमं त्याला म्हणायला लावी. भीती गेली नाही. पण एके दिवशी तिला जाणवलं की इंग्रजीचा एक लांबलचक उतारा वाचताना तो वकील मध्येच अडखळला, आणि पुढचं वाक्य तिनं एकटीनंच वाचलं. आतल्या आत. स्वतःच्या आवाजात.

परीक्षेचा दिवस उजाडला. उन्हानं डांबर मऊ पडलेलं. अश्वजितनं त्या दिवशी ऑटो लावून ठेवला आणि एस.टी.नं तिच्याबरोबर केंद्रावर आला. तिच्या हातात पाण्याची बाटली होती, पारदर्शक, लेबल काढलेली. प्यायला नव्हे. आत संगणकासमोर बसल्यावर घोट तोंडात धरायला. बाटली तिनं रस्ताभर मांडीवर धरून ठेवली, एखाद्यानं तान्हं पोर धरावं तशी.

फाटकावर तपासणीचा माणूस म्हणाला, "बाटली बाहेर ठेवा."

"फक्त पाणी आहे, दादा."

"पाणी आत मिळंल. बाटली बाहेर."

तिनं अश्वजितकडे पाहिलं. त्यानं बाटली घेतली. "जाय," तो म्हणाला, "मी इथंच हाय. हालत नाही."

ती जिना चढून हॉलमध्ये आली. तीच थंडी, तीच शांतता, तशाच रांगा. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटी धावू लागली. तिनं ओठ मिटले. तोंड कोरडं ठणठणीत, जीभ टाळूला चिकटलेली. पहिला प्रश्न. आत घोगरा आवाज आला, वाचू लागला. वाच बापा, ती मनात म्हणाली, आणि पुढचा प्रश्न उघडला.

बरंच अंतर कापून झालं होतं, आणि एकदम सगळ्या रांगेचे पडदे काळे झाले. वीज गेली होती की यंत्र बिघडलं होतं, कोण जाणे. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. मागे एक मुलगी रडू लागली. पर्यवेक्षक धावत आले, "बसून राहा, वेळ वाया जाणार नाही, सगळं आपोआप जतन होतं."

रेणुकाला ते शब्द ऐकू आले, पण पोचले नाहीत. तिच्यासमोर काळी चौकोनी पाटी होती आणि तिच्यात तिचा स्वतःचाच चेहरा दिसत होता. हीच ती फळी सरकण्याची जागा. आणि मग तिनं, ओट्यावर रोज करत होती तेच केलं. गाल फुगवले. तोंडात पाणी आहे असं धरलं. गार, माठातलं, आबांच्या लोटीतलं पाणी. थुकायचं नाही, गिळायचं नाही.

पर्यवेक्षिका बाई जवळ आल्या. "मॅडम, काय होतंय? उलटी होतेय का?"

रेणुकानं मान हलवली.

"मग बोला ना. पाणी हवंय?"

तिनं जोरजोरात मान हलवली. बोलणार कशी? तोंड भरलेलं होतं. त्या बाई तिच्याकडे वळून वळून बघत निघून गेल्या. आणि त्या भीतीला कुठूनतरी अन्नपूर्णाबाईंचा आवाज येऊन धडकला: आता तोंडात ठेवून राह्यले काय? पडदे पुन्हा उजळले तेव्हा रेणुकाचे गाल फुगलेलेच होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रडण्याचं होतं की हसण्याचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

बाहेर आल्यावर तिनं अश्वजितच्या हातातली बाटली घेतली आणि उन्हात उभी राहून श्वासही न घेता सगळी रिकामी केली.

"कसा गेला?" त्यानं विचारलं.

"नाही मालूम. पन पुरा वाचला."

मग सुरू झालं वाट बघणं. परीक्षेत निदान हाताला काम असतं; वाट बघण्यात भीती मोकळी फिरते. निकाल लागला, मार्क बरे पडले, पण त्या कॉलेजात जागा मिळेल की नाही हे सांगायला कोणी तयार नव्हतं. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत नाव आलं नाही. रेणुका कामं करत होती, भाजीत मीठ दोनदा पडत होतं. जानराव खारट वरण मुकाट्यानं जेवत आणि म्हणत, "छान झालं." रस्त्यावर कोणाचा फोन वाजला तरी ती दारात येई. दरम्यान आषाढ आला. विहारात वाचन सुरू झालं.

त्या संध्याकाळी विहार भरलेला होता. पांढऱ्या साड्यांची पहिली रांग, त्यात अन्नपूर्णाबाई. भागवत मागे, कुबडी मांडीवर आडवी ठेवून. जानरावांना रेणुकानंच आणून खांबाशी बसवलं होतं. तिचं वाचन संपत आलं होतं आणि दारात अश्वजित येऊन उभा राहिला. ऑटो रस्त्यातच सोडून आला होता, इंजिन धडधडत होतं. हातात मोबाईल. त्याला बघून तिनं वाक्य पूर्ण केलं, पूर्णविरामापर्यंत, आणि मगच मान वर केली.

"लागला नंबर," तो म्हणाला. "इथंच. आपल्या जिल्ह्यातच."

विहारात आधी कुजबुज, मग हसू, मग टाळ्या. अन्नपूर्णाबाई पदरानं डोळे पुसू लागल्या. एका म्हातारीनं उठून ग्रंथ मिटला, फडक्यात गुंडाळून जागेवर नेऊन ठेवला. रेणुकाच्या पुढ्यातलं पुस्तक गेलं. आता ती आणि माणसं, मध्ये काही नाही.

भागवतांनी कुबडी फरशीवर ठोकली. "उठ वं वकीलीनबाई! बोल दोन शब्द. आता तं तोंडात पानी नाही ना?"

ती उठली. समोर सगळे चेहरे तिच्याकडे लागलेले. तिनं तोंड उघडलं.

आणि तेच झालं. तीच पोकळी. अन्नपूर्णाबाईंचा चेहरा, भागवतांची दुमडून शिवलेली पँट, दारातला अश्वजित, सगळं स्वच्छ दिसत होतं. गळ्यात आवाज नव्हता. टाळ्या थांबल्या. कोणीतरी खोकलं. शांतता लांबत गेली, आणि रेणुकाच्या मनात एकच गोष्ट उरली: हे असंच राहणार. कॉलेज मिळालं, कोट मिळेल, आणि त्या खोलीत आपण पुन्हा अशाच उभ्या राहणार, तोंड उघडं टाकून.

नट मुद्दाम थांबलाय की अडलाय, हे जन्मभर विंगेत बसलेल्या माणसाला डोळ्यांवाचून कळतं. खांबाशी बसलेल्या जानरावांनी मान किंचित वळवली. ओठ हलले न हलले. पहिल्या रांगेलाही काही ऐकू गेलं नाही. जिच्यासाठी होता तिलाच तो एक शब्द पोचला.

"जीप."

रेणुकानं भागवतांकडे पाहिलं. आवाज आला तो वाचनाचा खणखणीत आवाज नव्हता. बारीक होता, कापत होता, पण तिचा होता.

"जीप राँग साईडनं आली होती, भागवतदादा. मी पाह्यली होती."